शुद्धिपत्रक

"मागच्या बाकावर बसायचं आणि बोलायचं नाही. एवढंच ना?" बाबांनी विचारलं.

"एवढंच."

"आणि तू काय शिकवशील?"

"ते तिथंच कळेल."

"बरं बाप्पा. राहू दे गुपित."

ते आरशासमोर उभं राहून कोटाची बटणं लावत होते. करड्या रंगाचा तो कोट त्यांनी अठरा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या समारंभासाठी शिवून घेतला होता. आता खांद्यांवर सैल झाला होता. जुलैतली सकाळ होती आणि टांझानियातल्या मोरोगोरो गावात त्या दिवसांत चांगलाच गारवा असतो. खिडकीतून उलुगुरूचे डोंगर दिसत होते, अर्धे ढगात.

"हे अधिकारी क्लास वन का क्लास टू?"

"दोन्ही आहेत. एकूण बत्तीस. काही जिल्ह्याचे, काही अगदी गावपातळीवरचे."

"एकाच वर्गात?" बाबांना ते पटलं नाही. "मग खालचे काय बोलणार, कपाळ?"

"म्हणून तर एकत्र बसवते."

ते हसले आणि टोपी घालून निघाले. फाटकापाशी रखवालदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शिकामू, म्झे." म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. धाकट्यानं थोरल्याला करायचा हा तिथला नमस्कार आहे. आपण पाया पडतो, तेच ते शब्दांत म्हणतात. त्याला द्यायचं उत्तर, एवढं एकच स्वाहिली बाबांनी तीन आठवड्यांत शिकून घेतलं होतं. "मराहबा," ते ऐटीत म्हणाले, आणि मला म्हणाले, "पाहिलंस? भंडाऱ्यात आता कोणी रस्ता देत नाही."

हे दोन हजार चार सालचं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते, बाबा शहात्तर. आई आदल्या हिवाळ्यात गेली होती, म्हणून सहा आठवड्यांच्या त्या नेमणुकीवर मी त्यांना बरोबर आणलं होतं.

मी मुळात रसायनशास्त्राची. नागपूरला एम. एस्सी. केल्यावर सहा वर्षं पूर्व विदर्भातल्या विहिरी आणि तलावांचं पाणी तपासलं. पाणी वाईट आहे हे सिद्ध करणं सोपं होतं. विहीर बंद कोण करणार, कधी, आणि कोणाच्या सहीनं, याचं उत्तर परीक्षानळीत सापडत नव्हतं. त्याच्या मागे लागत मी शासनव्यवस्थेच्या अभ्यासाकडे वळले, परदेशी गेले आणि पुढं तेच शिकवू लागले. शासन आणि नेतृत्व. त्या जुलैपर्यंत एकोणीस देशांत शिकवून झालं होतं. आणि त्या एकोणीसही देशांत पहिला पाठ एकच असायचा. त्याचं नाव होतं 'पाळ'.

या विषयात प्रसंग घेऊन शिकवतात. खरी घडलेली अडचण वर्गापुढे ठेवायची आणि विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं? माझा प्रसंग असा होता. एकोणीसशे पासष्ट, सप्टेंबर, दुपार. भंडारा जिल्ह्यातलं चिचगाव. गावावर जुना मालगुजारी तलाव, चार दिवसांच्या पावसानं काठोकाठ. त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, मधोमध पाझरू लागलेली. ती मधून फुटली तर खाली एकशे चाळीस घरं. पश्चिमेच्या टोकाला फोडली तर गाव वाचेल, पण मालगुजाराचं, गावच्या जुन्या जमीनदाराचं, साठ एकर धान जाईल. पाळ फोडण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. टेलिफोनची तार तुटलेली. जागेवर एक तरुण नायब तहसीलदार. त्यानं अधिकार नसताना हुकूम दिला, पाळ पश्चिमेला फोडली, आणि गाव वाचलं.

प्रसंगात त्याचं नाव नव्हतं. नुसतं 'तो अधिकारी'. तो अधिकारी माझ्याबरोबर टोपी सावरत चालला होता आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आधी छापून येऊ दे म्हणून मी त्यांना सांगितलं नव्हतं. छापून आल्यावर वाटलं, पुस्तकच होऊ दे. आता पुस्तक मुद्रितांपर्यंत आलं होतं आणि 'पाळ' त्यातलं पहिलं प्रकरण होतं. युरोपातल्या एका विद्यापीठानं प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी तीच मुद्रितं मागवली होती. निर्णय सप्टेंबरात होता. इतकी वर्षं राखून ठेवलेली ही भेट आज वर्गात सगळ्यांसमोर त्यांना द्यायची, असं मी ठरवलं होतं.

बाबा स्वतः ही हकिगत कधी सांगत नसत. आई सांगायची. घरी बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांचं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं. पाहुणे त्याकडे बघायचे, आई सुरू करायची आणि बाबा उठून पाणी प्यायला आत जायचे. आम्ही त्याला विनय समजत होतो.

वर्ग नेहमीसारखा रंगला.

जिल्हा कचेरीतले कोम्बा नावाचे एक वजनदार गृहस्थ पहिल्या रांगेत बसत. ते म्हणाले, "प्रोफेसर, मी चिठ्ठीशिवाय धरण फोडलं तर माझी पुढची बदली थेट माशांमध्ये होईल."

हशा पिकला.

"म्हणजे तुम्ही फोडली नसती?"

"फोडली असती. पण आधी बायकोला विचारलं असतं."

"टेलिफोन बंद आहे, कोम्बा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग तर बरंच," कोम्बा म्हणाले.

मी हात वर करायला सांगितले. हुकूम कोणी दिला असता? एकवीस. थांबलं कोण असतं? अकरा. मग वाद, मग फळ्यावर दोन रकाने. बाबा मागच्या बाकावर होते. पहिली दहा मिनिटं ते पुढं झुकून ऐकत होते. चिचगावचं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना कळलंय हे मला दिसलं आणि मी मनातून फार सुखावले.

तेवढ्यात रेहेमा म्कुडे हिनं हात वर केला. ती डोंगरातल्या एका प्रभागाची अधिकारी होती, वर्गात सगळ्यात कनिष्ठ. तोवर ती एकदाही बोलली नव्हती.

"मॅडम, फावडं कोणाच्या हातात होतं?"

"म्हणजे?"

"परिशिष्टात तुम्ही लिहिलंय, काप सहा फूट रुंद, चार फूट खोल. हुकूम अर्ध्या मिनिटात देऊन होतो. एवढी ओली माती उपसायला दीड-दोन तास लागले असतील. फुटणाऱ्या पाळीवर उभं राहून. ते कोणी केलं?"

काप किती, त्यातून सेकंदाला किती पाणी गेलं असेल, गणित करून सगळं मी त्या परिशिष्टात दिलं होतं. माती आपोआप बाजूला झाली असावी, अशी ती आकडेमोड होती. एकोणीस देशांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मीही नाही.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. मग मला वाटलं, हीच वेळ. "पण माहीत असलेले एक जण इथं आहेत. तो अधिकारी मागं बसलाय. ते माझे वडील आहेत. दौलतराव गभणे."

मग बाकं सरकल्याचा आवाज झाला आणि सगळा वर्ग, कोम्बांसकट, उठून मागं वळला. "शिकामू, म्झे!" बत्तीस जण एकदम म्हणाले.

बाबा बाकाला धरून उभे राहिले. मराहबा म्हणाले नाहीत.

रेहेमा उभीच होती. तिनं वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "म्झे, फावडं कोणाच्या हातात होतं?"

"इस्तारी," बाबा म्हणाले. "इस्तारी मेश्राम. कोतवाल."

कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावातला शेवटचा माणूस. दवंडी देणारा, साहेबाची पेटी उचलणारा. इतकं बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. नंतर त्यांचं इंग्रजी थांबलं. कचेरीचं इंग्रजी ते उत्तम लिहीत, बोलायची सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या भंडाऱ्याच्या बोलीत सांगू लागले.

"कुमे, यायले सांग. मी हुकूम देला नाही. मी शाळेच्या ओसरीत पंचनामा लिहत बसलो होतो. पाच पंचांच्या सह्या पाहिजे होत्या, तीनच झाल्या होत्या. इस्तारी तीनदा इचाराले आला. साहेब, फोडू का? मी तीनदा थांब म्हटलं. चौथ्यांदा तो आलाच नाही. पाण्याचा आवाज आला तेव्हा मले समजलं. सांग यायले."

बत्तीस चेहरे माझ्याकडे वळले. त्या खोलीत मराठी समजणारी आम्ही दोघंच होतो.

मी म्हणाले, "ते म्हणतात, त्यांच्या हुकमावरून इस्तारी नावाच्या कोतवालानं पाळ फोडली. या कामाचं अर्धं श्रेय त्याचं आहे, असं ते म्हणतात."

टाळ्या पडल्या. कोम्बा तर डोळे पुसत होते. बाबांनी सगळं ऐकलं. इंग्रजी त्यांना बोलता येत नसलं तरी कळत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते खाली बसले आणि त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

घरी परतताना ते दोन पावलं पुढं चालत होते. जेवताना उगालीकडे, मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट गोळ्याकडे, पाहून रोज म्हणायचे, "हिच्यात मीठ घालाले यायले सरकारी परवानगी लागते का?" त्या दिवशी निमूट जेवले. दुपारी झोपले नाहीत.

पाचच्या सुमारास मी चहा घेऊन ओसरीत गेले. ते डोंगराकडे बघत बसले होते.

"भाषांतर चांगलं करतेस," ते म्हणाले.

मी कप त्यांच्यापुढं ठेवला.

"तू तं रसायनवाली. जे दिसलं तेच वहीत लिहायचं, हे तूच मले सांगत होतीस ना? चौदा वर्षांची होतीस, निळा रंग हिरवा लिहला म्हणून मास्तरशी भांडून आली होतीस."

"बाबा, मी काय करायला हवं होतं? बत्तीस लोक उभे होते."

"मी बी तेच म्हटलं असतं. म्हटलंच." त्यांनी बशी कपाखाली नीट सरकवली. "दुसऱ्या दिवशी जीपमधून कलेक्टर आले. मालगुजार संगं. साठ एकर धान आडवं झालेलं. कलेक्टरनं इचारलं, पाळ कोणाच्या हुकमानं फोडली? इस्तारी माझ्या मागं उभा. पायापासून मानेपर्यंत चिखल. त्याचं नाव घेतलं असतं तं तिथूनच बेड्या. मी म्हटलं, माझ्या."

"मग चांगलंच केलंत तुम्ही. तुम्ही त्याला वाचवलं."

"तेव्हा चांगलंच केलं. मले बी तसंच वाटलं." ते थांबले. "पत्र आलं दोन महिन्यांनी. तेव्हा कोणी बेड्या घेऊन उभं नव्हतं, माय. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी काच बसवून आणली."

मला इस्तारी आठवत होता. पळसाच्या पानात बांधून मासोळ्या आणायचा आणि मागच्या दारी उभा राहायचा. हसताना तोंडावर हात ठेवायचा. आई त्याला चहा द्यायची आणि तो कप स्वतः विसळून पालथा घालायचा.

"तो काही म्हणाला नाही कधी?"

"एकदा. पत्र भिंतीले लागलं तेव्हा आला होता. लई वेळ पाहत उभा राहिला. म्हणे, साहेब, काच चांगली बसली."

खाली रस्त्यावरून शाळेतल्या मुली घोळक्यानं जात होत्या. त्या वळणाआड जाईपर्यंत बाबा बघत राहिले.

"चौऱ्याहत्तरात कोतवालांमधून शिपाई घ्यायचे होते. कायम नोकरी. शिफारस मी लिहायची होती. मी कागद घेऊन बसलो. या माणसाबद्दल लिहण्यासारखी एकच मोठी गोष्ट होती, अन् ती मी घेऊन बसलो होतो. मी लिहलं, वर्तणूक समाधानकारक. तेवढ्यावर कोण घेते? दुसराच लागला. इस्तारी कोतवाल म्हणूनच मेला, एक्याऐंशीत."

त्यांचा चहा तसाच होता. मी तो बदलून आणू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले.

मग मी जे म्हणाले, ते लिहायला मला आजही जड जातं.

"बाबा, पण आता हे कशाला? तो नाही, कलेक्टर नाहीत, मालगुजार नाही. पुस्तक छापायला गेलंय. पहिलंच प्रकरण आहे ते. माझी सगळी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. मी लहानपणी तापानं फणफणले की ज्या नजरेनं बघायचे, तसं.

"तुले नुकसान होईल?"

"होऊ शकतं."

"किती?"

"माहीत नाही. ती जागा जाईल कदाचित."

"मग तुले मी काही म्हणत नाही. तुझं तू पाह. माझं तेवढं मले सांगू दे. उद्या दहा मिनिटं देशील?"

"वर्गात?"

"वर्गातच बोलली ना तू."

"मी सांगते, बाबा. मीच सांगते त्यांना."

"तू काहून? चूक माझ्या रिपोर्टात हाये. अन् मधात भाषांतरवाला नको आता." पहिल्यांदाच ते जरासे हसले. "कागद दे. फुलस्केप असंल तं पाह."

फुलस्केप नव्हता. मी छपाईयंत्रातले दोन कोरे कागद दिले. त्यांनी डाव्या बाजूला चार बोटं समास दुमडला, नख फिरवून घडी पक्की केली, आणि चाळीस वर्षं जसं लिहिलं तसं लिहायला बसले. विषय, संदर्भ, कलमं. विषय होता, मौजे चिचगाव तलावासंबंधी दिनांक चौदा सप्टेंबर एकोणीसशे पासष्टच्या अहवालाचे शुद्धिपत्रक. खात्यात एखाद्या हुकमात चूक निघाली की मूळ हुकूम फाडत नाहीत. वेगळं शुद्धिपत्रक काढून त्याच फाइलला लावतात. दोन्ही कायम राहतात.

सगळं इंग्रजीत होतं, कचेरीच्या ठाशीव इंग्रजीत, आणि 'मी' कुठंच नव्हतं. सगळीकडे 'निम्नस्वाक्षरीकार'. निम्नस्वाक्षरीकाराने हुकूम दिला नव्हता. निम्नस्वाक्षरीकाराने कोतवालाच्या बचावासाठी तसे सांगितले. तासाभरानं त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "स्पेलिंगं पाह."

स्पेलिंगं बरोबर होती. चौथ्या कलमाशी मी थांबले. त्यात लिहिलं होतं: सदर प्रशस्तिपत्र निम्नस्वाक्षरीकाराने स्वतःकडे ठेवले. त्यास कोणतेही कारण नाही.

"कारण आहे, बाबा. तुम्ही त्याला वाचवत होता. ते लिहा ना इथं."

"ते दुसऱ्या कलमात आलं. चौथ्यात ते चालत नाही."

मी सकाळी जे म्हणाले ते त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, हे मी त्या वेळी शोधायचा प्रयत्न केला. मला ते आजही ठामपणे सांगता येत नाही. मग मी पेन उचललं.

"पाचवं कलम मी घालू?"

"घाल."

मी लिहिलं, वर्गात भाषांतर करणाऱ्या व्यक्तीने जे सांगितले ते चुकीचे होते. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "नुसतं 'चुकीचे' नको. 'जाणूनबुजून चुकीचे' लिही."

मी ते शब्द वर घातले आणि बाजूला छोटी सही केली. खाडाखोड केली की तिथं सही लागते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुस्तक मी थांबवलं. ते दोन वर्षांनी आलं, पहिल्या प्रकरणात ते शुद्धिपत्रक तसंच छापून. सप्टेंबरात ती जागा मला मिळाली नाही. पत्रात कारण दिलेलं नव्हतं आणि पुराव्याशिवाय मी ते या गोष्टीशी जोडणार नाही. काही संस्थांनी 'पाळ' शिकवणं सोडलं. यातून नेतृत्वाचा नेमका धडा निघत नाही, असं एकानं कळवलं. बाबा त्यानंतर पाच वर्षं होते. भिंतीवरचं पत्र त्यांनी काढलं नाही. त्याच चौकटीत, त्याच्याखाली, शुद्धिपत्रकाची प्रत लावून घेतली आणि पाहुणे आले की स्वतः वाचून दाखवू लागले.

पण तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते माझ्या टेबलापाशी, वर्गाकडे तोंड करून उभे होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचला. एकेक शब्द सुटा, मोठ्यानं, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून वाचावा तसा. पहिल्या 'निम्नस्वाक्षरीकारा'ला मागून कोणी तरी हसू दाबलं. ते इंग्रजी त्यांच्याही कचेऱ्यांतलं होतं, त्यांनीही तसले शेकडो कागद लिहिले होते. दुसऱ्या कलमानंतर कोणी हसलं नाही. चौथं कलम वाचून बाबा थांबले आणि बाजूला झाले. पाचवं मी वाचलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या देशात वडीलधाऱ्या माणसाला कोणी तोंडावर चुकलात असं म्हणत नाही, आणि चुकला नाहीत म्हणावं तर त्यानं स्वतःच लिहून आणलं होतं. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मलाही.

शेवटी कोम्बा उठले. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात विनोद नव्हता.

"म्झे, एक विचारू? तो दिवस पुन्हा मिळाला, तर तुम्ही हुकूम द्याल?"

मी भाषांतरासाठी पुढं झाले. बाबांनी हातानंच मला थांबवलं. ते स्वतः इंग्रजीत बोलले, कागदाशिवाय, शब्द शोधत.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो. पुन्हा घाबरेन. बहुतेक पुन्हा थांबच म्हणेन." ते थांबले. दम घेतला. "पण पत्र आलं, त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घरी कोणी नव्हतं. मी होतो आणि ते पत्र होतं. तो दिवस मला पुन्हा द्या."

कोम्बा उभेच राहिले. रेहेमानं वही उघडली आणि मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग शेजारच्याकडे वळून तिनं त्याला विचारलं, आणि तो पुढच्याला. बाबांना ते ऐकू गेलं नाही, मला गेलं. इस्तारी हे नाव कसं लिहायचं, हे ते एकमेकांना विचारत होते.

मी वळून फळ्याकडे गेले. कालचे दोन रकाने तसेच होते, हुकूम देणारे एकवीस, थांबणारे अकरा. ते पुसायचे की ठेवायचे, खडू हातात घेऊन मला ठरवता येईना. हा पाठ शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच पुढचं वाक्य मला ठाऊक नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते मागच्या बाकावर जायला निघाले होते. अर्ध्या वाटेत थांबले आणि सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाले,

"आता शिकव, माय."